नासाअण्णा

नासाअण्णांना आकाशाकडे खालून बघायला आवडत नाही. खालून काय कळणार? निळं असलं तर निळं, मळकट असलं तर मळकट. आकाश बघायचं ते वरून. कोजागरीला सगळी सोसायटी गच्चीत मसाला दुधाचे कप धरून, माना वर करून बसते तेव्हा अण्णा एकटे मान खाली घालून मोबाइलमध्ये असतात. "आज चंद्र जरा तांबूस वाटतो, नाही?" असं कुणी म्हणालं की वर न बघताच सांगतात, "वाटणारच. परवा दुपारी निघालीय कच्छातून." काय निघालीय, ते नव्या भाडेकरूला कळत नाही. आम्हाला कळतं. धूळ.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अण्णा दोन. एक पिठाच्या गिरणीचे, दुसरे हे. धुळीशी संबंध दोघांचाही, पण गिरणीचे अण्णा ती अंगावर घेतात. नासाअण्णांच्या सदऱ्यावर कण सापडायचा नाही. त्यांची धूळ पाचशे-हजार किलोमीटरवर असते, आणि ती तिथे असते तोवरच त्यांना तिच्यात रस असतो.

अशी माणसं आता गावोगाव झाली आहेत. पूर्वी निवृत्त माणूस होमिओपॅथीकडे वळायचा, नाहीतर पत्रिका बघायला लागायचा. दोन्हींत समोर एखादा पेशंट किंवा जातक लागतो, आणि घरची माणसं काही दिवसांनी सापडेनाशी होतात. उपग्रहाच्या चित्रांना समोर कुणी लागत नाही. नासा ती रोज फुकट जगापुढे टाकते, तीन-एक तासांत ताजी, आणि जगभर कुठेतरी काहीतरी जळत किंवा उडत असतंच. ज्याच्या टेबलावरून तीस वर्षं कागद हलले त्याला घरी बसून एवढे कागद येऊ लागले, तर तो आणखी काय मागेल?

अण्णांच्या टेबलावरचा कागद तर फारच लांब होता. ते रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होते. म्हणजे गाडी न बघता गाडी चालवणारा माणूस. समोर चार्ट, त्यावर एका बाजूने स्टेशनं, दुसऱ्या बाजूने तासमिनिटं. कसाऱ्याहून फोन आला 'अमकी सुटली' की पेन्सिलीची तिरपी रेघ निघायची, इगतपुरीहून 'आली' म्हणाले की ती वर टेकायची. घाटात दरड कोसळली, तर त्यांना ती रेघ थांबल्यावर कळायची. अख्ख्या नोकरीत फलाटावर उभं राहून त्यांनी निरखून बघितलेली गाडी म्हणजे स्वतःची संध्याकाळची लोकल, आणि तिचं त्यांना कधी काही चांगलं बोलता आलं नाही. निवृत्तीनंतर भाच्याने एकदा लॅपटॉपवर नासाचं वर्ल्डव्ह्यू उघडून दाखवलं. खाली तारखांची पट्टी, वर नकाशा, आणि इथून तिथे सरकत जाणारी, स्वतः जाऊन बघावी न लागणारी एक गोष्ट. अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली. पुढचं काकूंनी भोगलं.

आता त्यांच्या भिंतीवर उपग्रहांचं टाइमटेबल आहे. टेरा १९९९ची, सकाळी साडेदहाची. अ‍ॅक्वा २००२ची, दुपारी दीडची. दोन्हींवर मोडिस हे यंत्र, छत्तीस वेगवेगळ्या पट्ट्यांत प्रकाश टिपणारं. मागून व्हीअर्स हे यंत्र घेऊन तीन नव्या गाड्या आल्या. २०११ची सुओमी एनपीपी, २०१७ची नोआ-२०, २०२२ची नोआ-२१. तिघीही दीडच्या आगेमागे, ओळीने. यांपैकी टेरा आणि अ‍ॅक्वा हे अण्णांचं दुखणं आहे. दोघींची इंधनं सरत आली म्हणून कक्षा जागेवर ठेवण्याचा खटाटोप काही वर्षांपूर्वी थांबवला. तेव्हापासून अ‍ॅक्वा दर वर्षी थोडी उशिरा येते आणि टेरा थोडी आधी. "उशीर मी समजू शकतो," अण्णा म्हणतात, "उशीर ही रेल्वेची प्रकृती आहे. पण बिफोर टाइम सुटणारी गाडी? ही प्रवाशांशी दगाबाजी आहे."

त्यात मोडिसच्या एका फेरीत दिसणारा पट्टा २,३३० किलोमीटर रुंद. आपल्या अक्षांशाला दोन लागोपाठच्या पट्ट्यांमध्ये फट राहते, नकाशावर ती काळी दिसते, आणि दर काही दिवसांनी डोंबिवली त्या फटीत जाते. त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर अण्णांचा मेसेज येतो, 'आज आपण नव्हतो.' पहिल्यांदा तो वाचून दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी रडायला सुरुवात केली होती.

वाचायला मात्र अण्णा उत्तम शिकवतात, हे कबूल करायला हवं. ढग पांढरा, त्याला कडा असते आणि खाली सावली पडते. धूर निळसर करडा, एका टोकाला बारीक आणि पुढे पसरत जाणारा. बारीक टोकाशी लाल ठिपका असला की आग तिथे. धूळ मातकट पिवळी, पण तिचा लबाडपणा असा की ती वाळवंटावर असताना दिसतच नाही, रंगात रंग मिसळतो. समुद्रावर आली की पकडली जाते. कराची, मकरान, ओमान, जिथून कुठून सुटली ती अरबी समुद्रावर उतरली की निळ्यावर पिवळं उठून दिसतं. रात्री धूर हरवतो, धूळ मात्र अवरक्त किरणांच्या दोन पट्ट्यांतला फरक काढून अंधारातही सापडते. "चोर रात्री निघाला तरी चालेल," अण्णा सांगतात, "पण तो धुळीचा असावा."

त्यांच्या आयुष्यातला मोठा दिवस म्हणजे रविवार, २३ जानेवारी २०२२. आदल्या दिवशी पाकिस्तानच्या किनाऱ्यावरून निघालेला पिवळा लोट समुद्रावर पसरलेला त्यांना दिसला. त्यांनी ग्रुपवर टाकलं, 'उद्या धूळ येत आहे. गच्चीत कपडे वाळत घालू नयेत. गाड्या धुऊ नयेत.' त्याच्या खाली सतरा जणांनी हात जोडले, आणि रविवार असल्यामुळे सगळ्यांनी गाड्या धुतल्या. दुपारपर्यंत मुंबई-ठाण्याकडची हवा पांढुरकी झाली, सूर्य पुसट झाला, जानेवारी असूनही दुपारी शाली निघाल्या, आणि धुतलेल्या गाड्यांवर पांढऱ्या भुकटीचा थर बसला. अण्णा पार्किंगमध्ये उतरले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांची गाडी त्यांच्या दाराशी आली होती. त्यांनी चेअरमनच्या बोनेटवर एक बोट फिरवलं, बघितलं, आणि म्हणाले, "राइट टाइम." चेअरमनला काय झोंबलं ते नंतर सहा महिने कळत होतं, ड्रेनेजची तक्रार घेऊन अण्णा गेले की ते म्हणत, "उपग्रहातून बघा ना."

पण खरा सामना चौथ्या मजल्यावरच्या मॅडमशी. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी हवेतले बारीक कण मोजणारं हातात मावेल एवढं यंत्र आणून बाल्कनीत ठेवलंय. अण्णांचा उपग्रह वरून बघतो, मॅडमचं यंत्र खालून हुंगतं, आणि डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी दोघांचं जमत नाही. अण्णा म्हणतात स्वच्छ आहे, यंत्र म्हणतं एकशे ऐंशी. मग जिन्यात जे होतं त्याला भांडण म्हणता येत नाही, कारण दोघंही बरोबर असतात. उपग्रहाला जमिनीपासून वरपर्यंतची सगळी हवा एका चित्रात दिसते. त्यातली घाण तळाशी साचलीय की पाच किलोमीटरवरून चाललीय, हे त्या चित्रातून सांगता येत नाही. थंडीत सकाळची गार हवा जमिनीलगत दबून राहते, सगळा धूर त्या उथळ थरात कोंडतो. वरून बघणाऱ्याला तो विरळ वाटतो आणि खालच्याला खोकला येतो. ढग असले तर वरून तेवढंही नाही. हे मॅडमनी तीनदा समजावलं. अण्णांनी तीनदा मान डोलावली आणि तीनदा विचारलं, "पण आला कुठून, ते तुमचं यंत्र सांगतं का?"

तिथे मॅडम हरतात. यंत्राला आकडा कळतो, गाव कळत नाही. एकदा ते तीनशेवर गेलं, तेव्हा दोघांनी मिळून अर्धा तास पंजाब, राजस्थान, कल्याणचं डंपिंग ग्राउंड असं सगळं तपासलं. शेवटी काकूंनी खालच्या मजल्यावरून सांगितलं की त्या कांदा-लसूण मसाल्याच्या मिरच्या भाजतायत.

काकूंची पद्धत तिसरी आहे. त्या दोरीवरच्या पांढऱ्या पंचाला हात लावतात. पंचा सांगतो ते त्या कुणाला सांगत नाहीत, फक्त खिडकी लावतात.

सगळ्यात बिकट प्रसंग आगीच्या नकाशाने आणला. नासाच्या फर्म्स नावाच्या नकाशावर जिथे जमीन आजूबाजूपेक्षा फार तापलेली दिसते तिथे लाल ठिपका पडतो. एका रात्री अण्णांना मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात ठिपका दिसला. जहाज पेटलंय! दुसऱ्या रात्रीही तिथेच. आता अण्णांनी तटरक्षक दलाचा नंबर शोधून काढला आणि फोन लावण्याआधी, कंट्रोलरच्या शिस्तीप्रमाणे, तिसऱ्या मजल्यावर खातरजमा करायला गेले. तिथले गृहस्थ मुंबई हायवर चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी अशी नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी नकाशा बघितला, चष्मा काढला, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. "अहो, तिथला नको असलेला वायू जाळतात. तो जाळ मी वीस वर्षं बघितलाय." त्या रात्री दोघं एक वाजेपर्यंत त्या ठिपक्याकडे बघत बसले होते. अण्णांना आग लागली नसल्याचं दुःख होतं. त्या गृहस्थांना, आपण तिथे नाही याचं.

जमिनीवरचे ठिपके मात्र त्यांना पंचांगासारखे पाठ आहेत. हिवाळ्यात कोल्हापूर-सांगलीकडे दिसले की उसाचं पाचट. मार्चपासून सह्याद्रीच्या उतारांवर वणवे. उन्हाळा संपत आला की कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी भाजलेले राब. एका वर्षी त्यांच्या मूळ गावाच्या टेकडीवर ठिपका उमटला तेव्हा त्यांनी चुलतभावाला फोन केला. "टेकडी पेटलीय का?" भाऊ म्हणाला, "हो, कालच विझवली सगळ्यांनी मिळून. तुला कुणी सांगितलं?" अण्णांनी "वरून कळलं" असं उत्तर दिलं. गावात त्यांचा अध्यात्मात अधिकार वाढल्याचं बोललं जातं.

जूनमध्ये मेगाब्लॉक. चार महिने सगळं ढगाखाली, देशात कामच नाही. मग अण्णा परदेशात ड्युटी लावून घेतात. सायबेरिया, कॅनडा, ऑगस्टपासून अ‍ॅमेझॉन. सहारातून निघून अख्खा अटलांटिक ओलांडणारी धूळ ही तर त्यांची राजधानी एक्स्प्रेस. चाड देशात बोदेले नावाचा आटलेल्या सरोवराचा खोलगट तळ आहे, तिथली भुकटी पार दक्षिण अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर उतरते. लेसर सोडून उंची मोजणाऱ्या कॅलिप्सो उपग्रहाच्या आधाराने शास्त्रज्ञांनी २०१५ साली हिशेब मांडला की सहारातून येणाऱ्या धुळीबरोबर त्या जंगलाला दर वर्षी सुमारे २२ हजार टन फॉस्फरस मिळतो, पावसाने वाहून जातो जवळपास तेवढाच. हे अण्णांनी काकूंना सांगितलं, तेव्हा त्या गुलाबाच्या कुंडीत शेणखत घालत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि आपल्याकडे येते ती नुसतीच पुसायची?"

मुलगी न्यू जर्सीत असते. २०२३च्या जूनमध्ये कॅनडातल्या क्युबेकच्या जंगलांचा धूर दक्षिणेकडे वळला, तेव्हा अण्णा इथे पहाटे तीनला उठून चित्राची वाट बघत होते. चित्र आलं. त्यांनी तडक फोन लावला; तिकडे संध्याकाळ.

"खिडक्या लाव. धूर येतोय."

"आलाय बाबा. सकाळपासून टीव्हीवर तेच चाललंय."

"हो, पण वर आहे की खाली? चित्रात नुसताच जाड दिसतोय."

"बाबा, माझ्या नाकात आहे."

अण्णांनी ते चार्टवर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, न्यूयॉर्कचं आकाश भरदुपारी नारिंगी झालं. मुलीने खिडकीतून काढलेला फोटो पाठवला. अण्णा त्या फोटोकडे बराच वेळ बघत होते. धूर खालून कसा दिसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी तिला लिहिलं, 'फोटो छान. पण यात उत्तर कुठे आहे?'

कधी कधी ते धीरही देतात. २०२५च्या नोव्हेंबरात इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान करत गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडे निघाली, तेव्हा ग्रुपवर घबराट झाली. विमानं रद्द होत होती. कुणी मास्क वाटायचं म्हणत होतं, कुणी टाकीचं पाणी झाकायचं. अण्णांनी उंची बघितली. राख विमानं उडतात त्या उंचीवरून चाललेली. त्यांनी एकच ओळ टाकली, 'थ्रू गाडी आहे. आपल्याला थांबा नाही.' आणि ग्रुप शांत झोपला.

याच्या उलट गेटवर त्यांचं कुणी ऐकत नाही. आमचा वॉचमन बीडकडचा. आधी ऊसतोडीला जायचा, मग कोयता ठेवून शिट्टी धरली. आवारातल्या बदामाची आणि पिंपळाची पानं गोळा करून तो कोपऱ्यात पेटवतो. अण्णांनी त्याला रागावून बघितलं, नियम दाखवले, शेवटी धाक घातला, "रोज दुपारी दीडला वरून फोटो निघतो. त्यात तुझी आग दिसणार." खरं तर व्हीअर्सच्या आगीच्या नकाशावरचा एक चौकोन ३७५ मीटरचा. त्यात आमची सोसायटी, शेजारची शाळा आणि भाजीबाजार हे सगळं मावतं. ओंजळभर पानांचा जाळ त्यात उमटणं अवघडच. हे अण्णांना पक्कं माहीत होतं. पण मोठमोठ्या कामांत थोडी अतिशयोक्ती चालते.

आग बंद झाली. अण्णांनी ग्रुपवर विजय जाहीर केला. आणि आठवड्याने चारच्या चहाच्या वेळी त्यांना खिडकीतून धूर आला. खाली जाऊन बघतात तर पानं पेटलेली, वॉचमन शेजारी पाण्याची बादली घेऊन उभा.

"अरे, सांगितलं होतं ना तुला!"

"तुम्हीच म्हणलते आण्णा, दीडला फोटो निघतो. आता चार वाजले की."

अण्णा बाकावर बसले. कारण नेमकी हीच गोष्ट त्यांनी थोड्या दिवसांपूर्वी वाचली होती. पंजाब-हरियाणात नकाशावरचे ठिपके कमी झाले तरी धूर काही तेवढा हटेना. २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी दर दहा मिनिटांनी चित्र घेणाऱ्या कोरियाच्या स्थिर उपग्रहाकडे बघितलं, तर बरीच खुंटं दीडची फेरी उलटून गेल्यावर पेटत होती. तिथे हजारो शेतकऱ्यांचं शेत पुढच्या पेरणीआधी रिकामं व्हायचंय, दिवस थोडे, मजूर महाग. इथे एक पिंपळ. पण अक्कल एकच.

वॉचमन शांतपणे काठीने पानं उलटत होता. "पाचट तर पाच मिन्टांत खलास होतंय आण्णा. जाळ गेला की काळं रान. तुमचा फोटोवाला येईस्तोवर गडी घरी जाऊन जेवतोय."

अण्णांनी शेवटचं अस्त्र काढलं. "दुसरा एक उपग्रह आहे, आपला, इन्सॅट. तो फिरत नाही. छत्तीस हजार किलोमीटरवर एकाच जागी उभा आहे. सतत बघतो. दर अर्ध्या तासाला फोटो." त्याचा उष्णता टिपणारा चौकोन चार किलोमीटरचा आहे आणि त्यात डोंबिवलीबरोबर शेजारची गावंही येतात, हे त्यांनी सांगितलं नाही.

वॉचमनने काठी थांबवली. "एकाच जागी?"

"एकाच जागी."

"रात्रीचा बी?"

"रात्री, दिवाळी, पंधरा ऑगस्ट. हलत नाही."

वॉचमन थोडा वेळ धुराच्या पलीकडे बघत राहिला. मग बादली आगीवर ओतली. अण्णांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत एवढ्या पटकन कुणाला पटलं नव्हतं.

"मंग त्याला रिलीव्हर?"

हा प्रश्न रेल्वेतल्या माणसाला टाळता येण्यासारखा नव्हता. "येतो ना," अण्णा म्हणाले. "२०१३ साली एक नेऊन ठेवला होता, इन्सॅट-३डी. त्याची जागा घ्यायला २०२४च्या फेब्रुवारीत दुसरा पाठवला, ३डीएस."

वॉचमनने बोटांवर मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. रिकामी बादली उचलली आणि नळाकडे जाता जाता म्हणाला, "आमच्याच एजन्सीचा दिसतोय."